कांत, वामन रामराव

कांत, वामन रामराव : (६ ऑक्टोबर १९१३–८ सप्टेंबर १९९१). मराठी कवी. ‘वा. रा. कांत’ या नावाने लेखन. जन्म नांदेड येथे. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या पर्वात मराठवाड्यातून पुढे आलेल्या कवींत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘बगळ्यांची माळ’, ‘त्या तरुतळी’ आणि ‘सखी शेजारिणी’ ही त्यांची भावगीते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. तथापि ती ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांना कवीचे नाव सांगता येत नाही आणि ज्यांना नाव ठाऊक असते, त्यांच्यापैकीही थोड्यांनीच त्यांचे संग्रह वाचलेले असतात. गीतांच्या लोकप्रियतेमुळे कांत हे एक गोड गळ्याचे प्रेमकवी असल्याचा समज रूढ झाला. त्यांच्या काव्याचा एकूण विचार करता हा समज अपुरा ठरतोच. पण ज्या गीतांवर तो उभा आहे, त्या गीतांच्या बाबतीतही तो खरा ठरत नाही.

चरित्र : कांतांचे बालपण गोदावरीकाठच्या नांदेड शहरात गेले. उमेदीची काही वर्षे त्यांनी निजाम सरकारच्या शेतकी खात्यात नोकरी केली. पुढे त्यांनी नभोवाणीत प्रवेश केला. संस्थानाच्या स्वतःच्या नभोवाणीपासून सुरू झालेली ही सेवा, संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर आकाशवाणीत चालू राहिली आणि तिचा अखेरचा काळ मुंबई केंद्रावर गेला. त्यांचे जीवन एका सरकारी नोकरदाराचे होते. मात्र या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. शेतकी खात्यामुळे माती, पाऊस आणि पीक यांचा नित्य संबंध राहिला. नभोवाणीमुळे शब्द कागदावर वाचला जाण्यापूर्वी तो कानांना कसा लागतो, याचे भान आले. त्यांच्या कवितेतील निसर्गप्रतिमांचा नेमकेपणा आणि नादाची जाण या दोहोंचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करता येत नाही.

भाषिक व राजकीय पार्श्वभूमी : कांतांचा पिंड ज्या प्रदेशात घडला, त्याची भाषिक स्थिती पुणे-मुंबईकडील कवींच्या स्थितीहून अगदी निराळी होती. हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषक जिल्हे होते. राज्यकारभाराची व न्यायालयांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी उपक्रम हाती घेतला. परंतु ती भाषाही उर्दूच होती. नांदेड जिल्ह्यात तर भाषांची सरमिसळ अधिकच होती. जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण कडेचे बिलोली व देगलूर हे तालुके आज तेलंगण व कर्नाटक या राज्यांच्या शेजाराचे आहेत. त्या काळी हा सारा एकाच संस्थानाचा सलग मुलूख होता. घरात मराठी, बाजारात तेलुगू किंवा कानडी आणि कचेरीत उर्दू असा व्यवहार तेथे स्वाभाविक मानला जाई. नांदेड शहरात गुरू गोविंदसिंगांच्या समाधिस्थानामुळे पंजाबी भाषेचाही वावर होता.

अशा परिसरात मराठीत कविता लिहिणे ही केवळ हौसेची बाब नव्हती. शाळेत व कचेरीत जिला दुय्यम स्थान होते, त्या भाषेची निवड करण्यात एक निष्ठा अनुस्यूत होती. तिची किंमतही होती. नियतकालिके, प्रकाशक, समीक्षक आणि वाचक यांचा मुख्य समुदाय संस्थानाच्या सीमेपलीकडे, ब्रिटिश मुलखात होता. संस्थानात सभाबंदीसाठी ‘गश्ती निशाण ५३’ हा कुप्रसिद्ध हुकूम अमलात होता आणि साध्या सांस्कृतिक मेळाव्याकडेही राजकीय संशयाने पाहिले जाई. १९३७ मध्ये मराठी भाषकांनी महाराष्ट्र परिषदेच्या रूपाने आपल्या मागण्या संघटितपणे मांडण्यास आरंभ केला. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या स्टेट काँग्रेसवर त्याच वर्षी बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी उस्मानियातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. पुढील दहा वर्षांचा संघर्ष १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाल्यानंतर संपला. त्या वेळी कांत पस्तिशीला आले होते. त्यांच्या तारुण्याचा संपूर्ण काळ या राजवटीत गेला आणि त्यांची उपजीविकाही तिच्याच नोकरीवर अवलंबून होती. आपल्या पोटापाण्याचा धनी जी सत्ता आहे, तिच्या अंताची आस बाळगणे, हा ताण त्या पिढीतील अनेक सुशिक्षित मराठवाडी तरुणांच्या वाट्याला आला.

संग्रहांची वाटचाल : पहाटतारा व फटत्कार हे कांतांचे आरंभीचे संग्रह होत. त्यानंतर रुद्रवीणा (१९४७), शततारका (१९५०), वेलांटी (१९६२), वाजली विजेची टाळी, दोनुली (१९७९) आणि मावळते शब्द हे संग्रह प्रसिद्ध झाले. मरणगंध हे त्यांचे नाट्यकाव्य. या शीर्षकांकडे नुसती नजर टाकली, तरी कवीच्या प्रकृतीचे दोन ध्रुव ध्यानात येतात. पहाटतारा, शततारका, मावळते शब्द ही नावे प्रकाशाची, त्यातही दूरच्या किंवा ओसरत्या प्रकाशाची आहेत. फटत्कार, रुद्रवीणा, वाजली विजेची टाळी ही नावे आघाताची व ध्वनीची आहेत. पहिल्या गटात हुरहूर आहे, दुसऱ्यात स्फोट आहे. रुद्रवीणा या नावात तर हे दोन्ही धागे एकत्र आले आहेत : ते एका गंभीर स्वराच्या प्राचीन वाद्याचे नाव आहे आणि त्यातच संहारक देवतेचाही उच्चार आहे. कांतांच्या काव्याचे सूत्र सांगावयाचे, तर याच नावाचा आधार घ्यावा लागेल. क्षोभ आणि नाद यांची सांगड घालण्याचा प्रयत्न त्यांनी आयुष्यभर केला; कधी क्षोभ नादावर मात करतो, तर कधी नाद क्षोभाला झाकून टाकतो.

कांत लिहू लागले, तेव्हा मराठी कवितेवर ⇨ भा. रा. तांबे यांच्या गीतरचनेचा आणि रविकिरण मंडळाच्या प्रेमकवितेचा प्रभाव होता. तांब्यांची गेयता, संबोधनपर शैली आणि स्त्रीरूपाचे संस्कृतप्रचुर वर्णन यांचे संस्कार कांतांवर उघड दिसतात. १९४२ मध्ये ⇨ कुसुमाग्रजांचा विशाखा प्रसिद्ध झाला आणि सामाजिक व राष्ट्रीय आशयाला भव्य प्रतिमांतून उद्गार देणारी एक नवी वाट रुळली. रुद्रवीणेतील कविता या वाटेशी नाते सांगते. स्वातंत्र्याची आकांक्षा, अन्यायाविषयीचा संताप आणि उद्याच्या पहाटेची ग्वाही हे तिचे विषय होत. फरक असा, की ब्रिटिश मुलखातील कवी १९४७ मध्ये स्वातंत्र्याचे स्वागत करीत असता, हैदराबाद संस्थानातील कवीला ते सीमेपलीकडून पाहावे लागत होते. संस्थानातील रहिवाशांच्या दृष्टीने त्या वर्षीची पंधरा ऑगस्ट ही विजयाची तारीख नव्हती. पुढले तेरा महिने तेथे अधिकच भीषण गेले. म्हणून रुद्रवीणा हा संग्रह त्याच साली प्रसिद्ध झाला असला, तरी तो स्वातंत्र्योत्तर काव्यात मोडत नाही. कालगणनेचे हे प्रादेशिक अंतर मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा लक्षात घेतले जात नाही.

१९४७ नंतर : कांतांच्या उपेक्षेचे एक कारण कालक्रमात दडलेले आहे. ज्या वर्षी रुद्रवीणा निघाला, त्याच वर्षी ⇨ बा. सी. मर्ढेकर यांचा काही कविता हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी काव्यचर्चेचे केंद्रच बदलले. यंत्रयुग, महायुद्धोत्तर निराशा, महानगरीय जीवनातील विफलता हे नव्या कवितेचे विषय ठरले. प्रतिमेची दुर्बोधता, छंदाची मोडतोड आणि उपरोध ही तिची लक्षणे मानली जाऊ लागली. या कसोट्या ज्या जीवनातून निर्माण झाल्या, ते प्रामुख्याने मुंबईचे होते. संस्थानी सत्तेखालील छोट्या शहरात लोकशाहीचा प्राथमिक लढा अद्याप चालू होता. तेथील कवीला यंत्रयुगाच्या वैफल्यापेक्षा उद्याची आशा अधिक निकडीची वाटली, तर ते मागासलेपण नव्हे. पण समीक्षेने ते तसे मानले. रुद्रवीणेचा आवेश जुन्या पिढीच्या खात्यात जमा झाला. योगायोग असा, की मर्ढेकर हेही नभोवाणीचेच अधिकारी होते. एकाच माध्यमाच्या सेवेत असलेल्या या दोन कवींपैकी एकाने कवितेला गाण्यापासून दूर नेले, तर दुसऱ्याने तिला गाण्याकडे नेले.

१९५० मध्ये शततारका आणि ⇨ मंगेश पाडगावकर यांचा धारानृत्य हे संग्रह निघाले. पाडगावकरांची कविता त्या वेळी तारुण्याच्या पहिल्या बहरात होती. कांत मात्र एका संपलेल्या राजवटीची आठवण घेऊन नव्या व्यवस्थेत पाऊल टाकीत होते. त्यानंतर वेलांटी येईपर्यंत बारा वर्षांचा काळ गेला. हे अंतर कवीच्या वाचकसंबंधाला घातक ठरले. वेलांटीच्या सुमारास, १९६१ मध्ये ⇨ सुरेश भट यांचा रूपगंधा आणि १९६२ मध्ये आरती प्रभूंचा दिवेलागण व नारायण सुर्वे यांचा ऐसा गा मी ब्रह्म हे संग्रह आले. उत्कट गेयता, व्याकूळ आत्ममग्नता आणि कामगारजीवनाचा थेट उद्गार अशा तीन निरनिराळ्या वाटा या कवींनी उघडल्या. कांतांच्या कवितेत या तिन्ही वृत्तींचे अंश आहेत. पण त्यांपैकी कोणत्याही एकीची ती प्रातिनिधिक कविता नव्हती. पुढे १९६७ मध्ये ⇨ ना. धों. महानोर यांच्या रानातल्या कविता या संग्रहाने मराठवाड्याच्या शेतशिवाराची बोली मराठी काव्यात आणली आणि ‘मराठवाड्याची कविता’ म्हणजे रानाची, बोलीची कविता असे समीकरण रूढ झाले. कांतांची नागर, संस्कारित आणि बहुभाषिक शहरात घडलेली शैली या समीकरणातही बसली नाही. अशा रीतीने एका बाजूने नवकवितेच्या आणि दुसऱ्या बाजूने प्रादेशिकतेच्या कसोटीतून ते निसटले.

भावगीते : कांतांची कीर्ती ज्या गीतांवर अवलंबून आहे, त्यांपैकी ‘बगळ्यांची माळ’ हे श्रीनिवास खळे यांच्या संगीतात वसंतराव देशपांडे यांनी गायिले. ‘त्या तरुतळी’ यशवंत देव यांनी स्वरबद्ध केले व सुधीर फडके यांनी गायिले. ‘सखी शेजारिणी’ हे अरुण दाते यांच्या आवाजात लोकप्रिय झाले. ही गीते मुळात कविता म्हणून वाचली असता त्यांचे स्वरूप निराळे भासते.

‘बगळ्यांची माळ’ ही कविता सहा मात्रांच्या डौलदार आवर्तनात रचलेली आहे. तीत एका जुन्या भेटीचे स्मरण आहे. पानांवर पडणारे पावसाचे थेंब हे तंतुवाद्याच्या छेडण्यासारखे ऐकू येतात. ओल्या रानातील उन्हाला अभ्रकाची चकाकी आहे. आकाशातील बगळ्यांची रांग दोघांनी मिळून मोजलेली आहे. यांपैकी अभ्रकाची प्रतिमा विशेष लक्षणीय होय. उन्हाला सोन्याची उपमा देण्याचा संकेत जुनाच. ही कविताही संध्याकाळच्या संदर्भात तो पाळते. पण पावसानंतरचे ऊन पातळ, थरांचे, चमकणारे आणि हात लावताच ठिसूळपणे तुटणारे असते, हे निरीक्षण त्या एका शब्दाने नेमके पकडले आहे. शिवाय पुढे येणाऱ्या तुटण्याची सूचनाही त्यात आहे. कारण अखेरच्या कडव्यात ती माळ तुटते. ती आपोआप तुटत नाही. प्रेयसीच ती तोडून निघून जाते. मागे उरते ते पंखांचे फडफडणे. आरंभी पक्ष्यांची असलेली शुभ्रता अखेरीस त्या फडफडण्याला बहाल केलेली आहे, म्हणजे सौंदर्याचा रंग तोच राहून त्याचा अर्थ वेदनेचा झाला आहे. कवितेचा शेवट सांत्वनाने होत नाही. ही तडफड तुलाही कधी सलते काय, या प्रश्नाने होतो आणि त्याला उत्तर नाही.

ध्रुवपदाचे कार्य येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘अजून’ हा त्यातील कळीचा शब्द होय. पहिल्या वेळी तो निसर्गाच्या सातत्याची ग्वाही देतो. अखेरच्या कडव्यानंतर ध्रुवपद परत येते, तेव्हा तोच शब्द क्रूर वाटू लागतो. जमिनीवरची माळ तुटली आहे, आकाशातील मात्र तशीच आहे. गायनात ध्रुवपदाच्या मधुर पुनरावृत्तीमुळे ऐकणाऱ्याचे मन पहिल्या कडव्यांच्या प्रसन्नतेत गुंतून राहते आणि शेवटचा घाव सहज निसटतो. यात गायकाचा किंवा संगीतकाराचा दोष नाही. खळे यांच्या चालीत आणि वसंतरावांच्या स्वरफेकीत अस्वस्थतेच्या जागा निश्चित आहेत. दोष आहे तो गाण्याला केवळ आल्हादाचे साधन मानणाऱ्या आपल्या श्रवणाचा.

‘त्या तरुतळी’ ही कविता आठ मात्रांच्या आवर्तनाची आहे आणि तिची कल्पना अधिक गुंतागुंतीची आहे. कवी आपले गीत एका झाडाखाली विसरून आला आहे आणि रिकामे हृदय घेऊन तापल्या वाटांवर हिंडत आहे. तिकडे त्या झाडाला टेकून सखी वाट पाहत उभी आहे. ती थांबून थकली, हा फिरून थकला. गीत एकच, पण त्याचे चरण दोन ठिकाणी विखुरले आहेत. येथे विरह हा केवळ दोन माणसांचा नाही. तो कवी आणि त्याची वाणी यांचाही आहे. कला जेथे सहज स्फुरली, ती जागा मागे पडली आहे आणि परतण्याची वाट सापडत नाही, हा अनुभव प्रेमकवितेच्या रूपात सांगितला आहे. याच कवितेत कांतांची मर्यादाही दिसते. सखीच्या वर्णनाची मधली कडवी तांबेपरंपरेतील संकेतांवर विसंबून आहेत. ढळलेला पदर, भुरभुरते केस, ओठांवरील अमृत ही सामग्री आयती आहे. पहिल्या दोन कडव्यांत उन्हाचे कवडसे आणि मनातील अर्धवट हसू यांचे जे सूक्ष्म साम्य कवीने टिपले, त्याच्या तुलनेत ही कडवी उणी पडतात. अखेरीस ‘विखुरलेल्या चरणां’ची कल्पना येते, तेव्हा कविता पुन्हा सावरते.

‘सखी शेजारिणी’ या तिसऱ्या गीताचा स्वर वरकरणी आनंदी आहे. तथापि त्यातील स्त्री ही शेजारीण आहे, सहचारिणी नव्हे. तिने हसत राहावे एवढीच अपेक्षा आहे. तिच्या हास्याचा प्रकाश आपल्या अंगणापर्यंत पोहोचतो, पण मधली भिंत कायम असते. तिन्ही गीतांत बोलणारा ‘मी’ आणि ज्याला उद्देशून बोलले जाते ते ‘तू’ यांच्यामध्ये अंतर आहे : एकात ते कालाचे, दुसऱ्यात वाटेचे, तिसऱ्यात भिंतीचे. अंतर हाच कांतांच्या प्रेमकवितेचा स्थायी अनुभव होय. जो प्रदेश आपल्या भाषेच्या मुख्य समुदायापासून राजकीय सीमेने तोडला गेला होता, त्या प्रदेशात घडलेल्या कवीच्या काव्यात हा अनुभव इतक्या रूपांनी यावा, हे लक्षणीय आहे. त्यांचे कार्यकारण जुळवून दाखविणे उचित होणार नाही. परंतु या गीतांतील हुरहूर रविकिरण मंडळाच्या घरगुती प्रेमकवितेहून वेगळी का वाटते, याचा विचार करताना हा संदर्भ उपयोगी पडतो.

नभोवाणी आणि गीताचे रूप : मराठी भावगीत हा प्रकार ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांच्या आश्रयाने वाढला. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. त्यामुळे ध्रुवपद आणि तीन-चार कडवी हा गीताचा आकार ठरून गेला. तांब्यांच्या कवितांपासून पुढील अनेक कवींच्या दीर्घ रचना गाताना कडवी गाळली गेली आणि उरलेला भागच लोकांच्या दृष्टीने पूर्ण कविता झाला. पुढे मुंबई आकाशवाणीवरील ‘भावसरगम’ यासारख्या कार्यक्रमांनी कवी, संगीतकार व गायक यांना एकत्र आणले आणि चांगल्या कवितेला चांगली चाल मिळण्याची सोय झाली. या व्यवस्थेचा लाभ कांतांना झाला, हे निर्विवाद आहे. तिच्याशिवाय नांदेडच्या या कवीचे शब्द कोकणातल्या किंवा विदर्भातल्या श्रोत्यांपर्यंत कदाचित पोहोचलेच नसते. पण या व्यवस्थेत नाव प्रथम गायकाचे, मग संगीतकाराचे आणि अखेरीस कवीचे घेतले जाते. पुष्कळदा ते घेतलेच जात नाही. शिवाय जी कविता चालीत बसत नाही, तिचे अस्तित्वच श्रोत्यांना कळत नाही. रुद्रवीणेचा आवेश किंवा मरणगंधातील मृत्युविषयक चिंतन यांना भावगीताच्या व्यवस्थेत जागा नव्हती. कवीचा एक अंश अमर झाला आणि त्यामुळेच उरलेला अंश विस्मृतीत गेला.

समकालीनांत स्थान : कांतांचे स्थान निश्चित करताना ⇨ बी. रघुनाथ (भगवान रघुनाथ कुलकर्णी, १५ ऑगस्ट १९१३–७ सप्टेंबर १९५३) यांच्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेले बी. रघुनाथ हे कांतांपेक्षा दोन महिन्यांनी वडील. तेही निजाम सरकारचे नोकर. परभणीस सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी केली. आलाप आणि विलाप (१९४१) व मरणोत्तर प्रसिद्ध झालेला पुन्हा नभाच्या लाल कडा (१९५५) हे त्यांचे काव्यसंग्रह. मात्र राजवटीने माणसांचे काय केले, हे सांगण्यासाठी बी. रघुनाथ मुख्यतः गद्याकडे वळले आणि कथा-कादंबऱ्यांतून त्यांनी संस्थानी जीवनाचे तपशीलवार चित्रण केले. कांत कवितेशीच एकनिष्ठ राहिले. बी. रघुनाथ चाळिसाव्या वर्षी गेले. संस्थानाच्या अंतानंतर त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली. कांतांना त्रेचाळीस वर्षे लाभली आणि नव्या राज्यात, नव्या शहरात त्यांना आपल्या काव्याची पुन्हा घडण करावी लागली. एकाची उपेक्षा अकाली मृत्यूने, तर दुसऱ्याची दीर्घायुष्यातील स्थलांतराने झाली असे म्हणता येईल. आज मराठवाड्यात बी. रघुनाथांचे स्मरण त्या प्रदेशाचा लेखक म्हणून आवर्जून केले जाते. कांतांचे शब्द मात्र प्रदेशाचे नाव मागे टाकून सर्वत्र गेले.

उत्तरकालीन काव्य : वेलांटीनंतरच्या काळात कांतांच्या काव्याचे लक्ष बाह्य संघर्षाकडून अंतर्मुख चिंतनाकडे वळले. अक्षराला वळण देणारी वेलांटी, विजेची टाळी, मावळणारे शब्द या शीर्षकांवरूनच भाषा व तिची निर्मिती हा त्यांच्या आस्थेचा विषय झाल्याचे दिसते. मरणगंध या नाट्यकाव्यात त्यांनी गीताच्या लहान आकाराबाहेर पडून मृत्यूचा विषय संवादाच्या रूपात हाताळण्याचा प्रयत्न केला. नभोवाणीवर ध्वनीतूनच नाट्य उभे करावे लागते. त्या अनुभवाचे साहाय्य या प्रकाराच्या निवडीस झाले असावे. साठीनंतरही त्यांची निर्मिती खंडित झाली नाही. दोनुली हा संग्रह निघाला, तेव्हा ते सहासष्टाव्या वर्षात होते. त्या वेळी ⇨ नामदेव ढसाळ यांच्या गोलपिठा (१९७२) या संग्रहाने सुरू झालेल्या नव्या कवितेकडे वाचकांचे लक्ष लागले होते आणि जुन्या पिढीतील कवीच्या नव्या रचनेची दखल घेण्यास फारसे कोणी मोकळे नव्हते.

मूल्यमापन : कांत हे मराठीतील युगप्रवर्तक कवी नव्हेत. त्यांनी नवा संप्रदाय निर्माण केला नाही. रचनेत व शब्दकळेत ते पूर्वसूरींचे ऋणी राहिले. आवेशाच्या कवितेत विशेषणांचा भार आणि प्रेमकवितेत संकेतांची उसनवारी हे दोष त्यांच्यात आढळतात. परंतु त्यांच्या उत्तम रचनांत प्रतिमेचा नेमकेपणा, ध्रुवपदाचा अर्थगर्भ उपयोग आणि माधुर्याच्या आत दडलेली वेदना हे गुण अशा रीतीने एकवटले आहेत, की त्यांची बरोबरी करणाऱ्या भावकविता त्या काळात थोड्याच आढळतील. त्यांच्या काव्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. मराठी कवितेचा इतिहास सामान्यतः पुणे, मुंबई व नागपूर यांच्या कालक्रमाने लिहिला जातो. नांदेडला त्याच वर्षांचा अर्थ निराळा होता. तेथील कवीचे मूल्य त्या निराळ्या कालक्रमात ठरवावयास हवे. अन्यथा तो नेहमीच उशिरा आलेला वाटेल. कांतांची गीते ऐकणाऱ्यांची संख्या आजही मोठी आहे. ती गीते रुद्रवीणा ते मावळते शब्द या संग्रहांच्या संदर्भात वाचली जातील, तर त्यांच्या माधुर्याला बाध न येता त्यामागील अस्वस्थ, तुटलेपणाची जाण असलेला कवी वाचकांना भेटेल आणि वाङ्मयेतिहासातील त्यांचे स्थानही यथायोग्य ठरेल.